पंतानी आणि बावन्न टक्के



मे १९९९. इटलीची तीन आठवड्यांची मोठी सायकल शर्यत, जिरो द इटालिया, शेवटच्या आठवड्याकडे चालली होती. त्या दिवशीचा टप्पा ओरोपा या डोंगरावरच्या तीर्थक्षेत्री संपणार होता. घाट लागतो न लागतो तोच मार्को पंतानीच्या सायकलची चेन उतरली. अंगावर आघाडीवीराची गुलाबी जर्सी, आणि हा पठ्ठ्या रस्त्याच्या कडेला वाकून हाताने चेन बसवतोय. बाकीचे सगळे भराभर पुढे निघून गेले. पंतानी पुन्हा सायकलवर बसला आणि त्याने एकेकाला गाठायला सुरुवात केली. घाट संपेपर्यंत ४९ जणांना मागे टाकून तो पहिला आला. शेवटची रेषा ओलांडताना त्याने हात वर केले नाहीत. आपल्यापुढे अजून कोणी आहे की नाही, याचीच त्याला खात्री नव्हती.

त्यानंतर सहाव्या दिवशी त्याला शर्यतीतून बाहेर काढलं. आज मला या माणसाबद्दल बोलायचं आहे.

पंतानीचा जन्म १९७० सालचा. एड्रियाटिक समुद्राकाठच्या चेझेनातिको गावात तो वाढला. वडील प्लंबिंगची कामं करायचे. गाव अगदी सपाट, पण पोराला वेड डोंगर चढण्याचं. वजन जेमतेम ५७ किलो. घाटात इतर सायकलपटू हँडलचा वरचा भाग धरून सावकाश चढतात. पंतानी मात्र हँडलच्या खालच्या वळणांना धरून, सीटवरून उठून, सपाटीवर शेवटची धाव घ्यावी तसा चढावर तुटून पडायचा. डोक्याला रुमाल, कानात बाळी. लोक त्याला ‘चाचा’ म्हणायचे, म्हणजे समुद्रावरचा लुटारू. त्याने डोक्यावरचा रुमाल काढून भिरकावला, की आता हल्ला होणार, हे प्रेक्षकांना कळायचं.

ऑक्टोबर १९९५ मध्ये मिलान-तोरिनो शर्यतीत समोरून आलेल्या मोटारीने त्याला उडवलं. डाव्या पायाची हाडं मोडली. पुढचं जवळजवळ अख्खं वर्ष वाया गेलं. हा आता संपला, असं अनेकांनी गृहीत धरलं होतं. पण १९९८ मध्ये त्याने आधी जिरो जिंकली आणि मग फ्रान्सची तशीच मोठी शर्यत, टूर द फ्रान्स. टूरमध्ये गालिबियेच्या घाटात थंडगार पावसात तो एकटा सुटला. त्या दिवशी सकाळपर्यंत जर्मनीचा यान उलरिश त्याच्या तीन मिनिटं पुढे होता. संध्याकाळी तोच उलरिश पंतानीच्या जवळजवळ नऊ मिनिटं मागून पोहोचला. एका वर्षात या दोन्ही शर्यती जिंकणं त्यानंतर थेट २०२४ मध्ये तादेय पोगाचारलाच जमलं.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. आपली मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक तयार करतात. त्याला थोडक्यात ईपीओ म्हणतात. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणं हे त्याचं काम. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांसाठी ते प्रयोगशाळेत बनवलं गेलं आणि त्याने असंख्य रुग्णांचं जगणं सुसह्य केलं. पण तेच इंजेक्शन धडधाकट सायकलपटूने घेतलं, तर स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो आणि घाटात दम टिकतो. सोबत रक्तही दाट होतं, गुठळी होण्याचा धोका वाढतो. नव्वदच्या दशकात हे औषध सायकलिंगमध्ये सर्रास शिरलं होतं आणि ते पकडणारी चाचणी तेव्हा वापरात नव्हती.

म्हणून १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने एक मर्यादा ठरवली. रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांहून जास्त निघालं, तर खेळाडूला प्रकृतीच्या कारणास्तव १५ दिवस घरी पाठवायचं. या नियमाचा मला मनापासून राग येतो. त्याचा सरळ अर्थ असा झाला, की पन्नासच्या आत राहा, मग तिथवर कसे पोहोचलात हे आम्ही विचारणार नाही.

५ जून १९९९ च्या सकाळी मादोन्ना दी कांपील्यो या गावात पंतानीचं रक्त तपासलं. आकडा आला ५२. आदल्याच दिवशी तिथला टप्पा त्याने जिंकला होता. साडेपाच मिनिटांहून जास्त आघाडी होती आणि दोनच दिवस उरले होते. विजेत्याची जर्सी अंगावर चढायच्या ऐवजी तो पोलिसांच्या आणि पत्रकारांच्या गराड्यातून हॉटेलबाहेर पडला. यात कट होता, जुगाराच्या टोळ्यांचा हात होता, असे आरोप इटलीत पुढे अनेक वर्षं झाले. तपास उघडले गेले, बंदही झाले.

त्यानंतर पंतानी पूर्वीचा राहिला नाही. २००० च्या टूरमध्ये त्याने दोन टप्पे जिंकले, त्यातला मोंव्हाँतू घाटाचा अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने चढून. पण कोर्टकचेऱ्या, नैराश्य आणि कोकेन यांनी त्याला पोखरलं. १४ फेब्रुवारी २००४ रोजी रिमिनीतल्या हॉटेलच्या खोलीत तो एकटा मरून पडलेला सापडला. वय अवघं ३४. मृत्यूचं कारण, कोकेनची विषबाधा.

तो निर्दोष होता का? नाही. २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालात १९९८ च्या टूरचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासल्याचे निष्कर्ष आले. पंतानीच्या नमुन्यात ईपीओ होतं. उलरिशच्याही होतं, इतर अनेकांच्याही होतं. ज्या वर्षी फेस्टिना संघाच्या मोटारीत औषधांचा साठा सापडला, पोलिसांनी हॉटेलांवर छापे घातले, संघ एकामागून एक शर्यत सोडून गेले, त्या वर्षीची ही टूर. निघालेल्या १८९ जणांपैकी पॅरिसला पोहोचले ९६.

त्याचे चाहते त्याला संत करतात, ते मला मान्य नाही. सगळं पाप त्याच्या एकट्याच्या माथी मारणाऱ्यांचं तर अजिबात पटत नाही. सोबतचे डॉक्टर, संघांचे मालक, नियम करणारे अधिकारी, यांतले बहुतेक जण सुखरूप सुटले. आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं पुढे काढून घेतली गेली. पंतानीचं मात्र १९९८ चं विजेतेपद नोंदींत कायम आहे, आणि जिरोमध्ये दरवर्षी एक घाट आजही त्याच्या नावाने चढला जातो. ते नाव राहू द्यावं, पण त्याच्यासोबत १९९८ च्या नमुन्यांच्या फेरतपासणीचा निकालही सांगितला जावा, असं माझं मत आहे.