तिकीट बंद करणाऱ्याने कोड लिहावा का?

 

निवृत्तीनंतर मला फोन येतात ते बहुतेक जुन्या जवानांचे. फौजेतला जवान पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनवर येतो, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. सिग्नल्समधला असला तर त्याला नेटवर्कची चांगली जाण असते, म्हणून तो एखाद्या कंपनीत आयटी सपोर्टला लागतो. मग पासवर्ड रिसेट, प्रिंटर, व्हीपीएन, रात्रपाळी. चार-पाच वर्षांनी फोन येतो, ‘साहेब, कालची पोरं प्रोग्रामर म्हणून लागली, माझ्यापेक्षा जास्त पगार घेतात. मी शिकू का, की वय गेलं?’

हल्ली त्यात एक भीतीही असते. पासवर्ड लोक स्वतःच पोर्टलवर बदलतात, साधे प्रश्न चॅटबॉट घेतो. म्हणजे आहे त्या खुर्चीत बसून राहणंही सुरक्षित नाही.

माझं उत्तर ठरलेलं आहे. शीक, पण नोकरी सोडून नको. घरी मुलगी दहावीला, डोक्यावर घराचा हप्ता, आणि क्लासची मोठी फी भरून राजीनामा, असा बेत माझ्यासमोर आणला तर मी त्यावर सही करणार नाही. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं लिहिलेल्या पाटीवर तर अजिबात नाही.

सपोर्टवाल्याला वाटतं, आपल्याला काहीच येत नाही. हे खरं नाही. आयटीआयएल शिकलेल्यांना ‘इन्सिडंट’ आणि ‘प्रॉब्लेम’ हे दोन शब्द माहीत असतील. इन्सिडंट म्हणजे बंद पडलेली सेवा पुन्हा चालू करणं. प्रॉब्लेम म्हणजे ती मुळात का बंद पडते ते शोधणं. दिवसभर पहिलं काम करणाऱ्याने दुसऱ्याकडे पाहायला सुरुवात केली की तो प्रोग्रामिंगच्या वाटेला लागला असं समजा. लॉग वाचणं, बिघाड पुन्हा घडवून दाखवणं, ‘चालत नाही’ या तक्रारीतून नेमकं काय चालत नाही ते काढून घेणं, हे सगळं त्याच्या हातात आधीच असतं. कॉलेजातून थेट आलेल्या पोराला हे शिकायला वेळ लागतो.

उदाहरण सांगतो. कंपनीत पन्नास नवे लोक रुजू होतात. एचआर एक्सेलची यादी पाठवते, आणि आमचा माणूस एकेकाचं खातं हाताने उघडत बसतो. दोन दिवस जातात, चार नावं चुकतात. मायक्रोसॉफ्टचं पॉवरशेल २००६पासून बाजारात आहे. एक्सेलमधली यादी सीएसव्ही म्हणून जतन करायची. मग पॉवरशेलमधली इम्पोर्ट-सीएसव्ही ही आज्ञा ती यादी वाचते, न्यू-एडीयूजर ही आज्ञा खातं उघडते, मध्ये एक लूप. झाला पहिला प्रोग्राम. त्या आज्ञेपुढे ‘व्हॉटइफ’ जोडलं तर ती प्रत्यक्ष काही करत नाही, काय करणार एवढंच सांगते. फौजी माणसाला हे लगेच पटतं. हल्ल्याआधी वाळूच्या मॉडेलवर तालीम करतो ना, तेच हे. आणि हो, कंपनीच्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवण्याआधी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या. हौसेपोटी नोकरी घालवू नका.

आमच्या एका हवालदाराने असंच सुरू केलं. आधी स्क्रिप्ट, मग एसक्यूएल, मग पायथन. इंग्रजीची अडचण होती म्हणून आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीत ऐकले. ते फुकट आहेत. पुढे इंग्रजीची सवय झाल्यावर एनपीटीईएल. रोज पहाटे दीड तास, कारण पहाटे उठायचं त्याला शिकवावं लागलं नाही.

अडला तो वेगळ्याच ठिकाणी. व्हिडिओ पाहताना सगळं समजायचं, कोऱ्या स्क्रीनसमोर बसला की हात चालेना. मला म्हणाला, ‘साहेब, माझ्याच्याने होणार नाही.’ मी म्हटलं, नकाशा वाचायचं तू वर्गात शिकलास की रात्री जंगलात हरवून? तेव्हापासून त्याने नियम केला. धडा बंद करायचा आणि तेच न पाहता लिहायचं, अडलं तरच परत उघडायचं. लिहिलेलं रोज गिटमध्ये ठेवायचं, म्हणजे काल काय होतं आणि आज काय बदललं ते दिसतं.

स्क्रिप्टच्या पलीकडे मात्र खरोखर शिकावं लागतं. डेटा स्ट्रक्चर, टेस्ट लिहिणं, दुसऱ्याचा मोठा कोड वाचणं. इथे सपोर्टचा अनुभव पुरत नाही, आणि पुरतो असं जो सांगतो तो तुम्हाला काहीतरी विकत असतो. चॅटबॉट कोड लिहून देतो हेही खरं. पण तो बरोबर आहे का, हे पाहायला कोड वाचता यावा लागतोच.

बाहेर अर्ज टाकण्याआधी आपल्याच कंपनीत पाहा. तिथे तुमचा शब्द कुणीतरी ओळखतं, आणि नव्वद दिवसांच्या नोटिशीची कटकट नाही. बायोडेटात ‘पायथन येतं’ एवढंच लिहू नका. ‘दोन दिवसांचं काम वीस मिनिटांवर आणलं’ असं लिहा, मात्र ते खरं असेल तरच. मुलाखतीत त्यावरच विचारतील.

हवालदार आता ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये आहे. डेव्हलपरांचा कोड वाचतो, बारीक बग स्वतः दुरुस्त करून तपासायला पाठवतो. पगार फारसा वाढलेला नाही, रात्रपाळी मात्र सुटली. पुढच्या महिन्यात त्याच कंपनीत डेव्हलपरच्या जागेसाठी मुलाखत आहे, म्हणून सध्या पहाटे लिंक्ड लिस्ट घोटतोय.