परदेशगमन आणि इंग्रजीची परीक्षा
(महोत्सवानिमित्त दिलेलें भाषण)



महोत्सवप्रसंगीं भाषण करावयाचें म्हणजे देवळाच्या पूर्वेतिहासाविषयीं बोलावें, असा प्रघात आहे. तो इतिहास या अंकांत अन्यत्र आलेला असल्यामुळें आम्ही आज एक अगदीं व्यावहारिक विषय हातीं घेतला आहे. आपल्या वसईच्या गांवांतील पुष्कळ तरुण-तरुणी आपल्या विद्येच्या व कसबाच्या जोरावर ऑस्ट्रेलिया, कॅनडा इत्यादि देशांत कायमचें जाण्याच्या खटपटींत असतात. जावें कीं न जावें, हें ज्याचें त्यानें वडीलधाऱ्यांशीं विचारविनिमय करून व प्रार्थना करून ठरवावें. परंतु ज्यानें जाण्याचा निश्चय केला, त्यानें पहिल्याच पायरीवर ठेंचाळूं नये, एवढ्याच हेतूनें आम्ही बोलत आहों. ती पायरी म्हणजे इंग्रजी भाषेची परीक्षा.

अशा परीक्षेचा पूर्वेतिहास कांहीं गौरवाचा नाहीं. ऑस्ट्रेलियानें १९०१ सालीं कायदा करून अधिकाऱ्यांस असा अधिकार दिला होता, कीं आगंतुकास कोणत्याही युरोपीय भाषेंतील ५० शब्दांचा उतारा लिहावयास सांगावा. हेतु भाषा तपासण्याचा नसून नको असलेल्यांस परतविण्याचा होता. १९३४ सालीं एगॉन किश या बहुभाषी लेखकास स्कॉटलंडच्या गेलिक भाषेंत उतारा घालण्यांत आला. पुढें तेथील वरिष्ठ न्यायालयानेंच ती परीक्षा अग्राह्य ठरविली. १९५८ सालीं ही पद्धति रद्द झाली. आजची परीक्षा कठीण असेल, खर्चाचीही आहे. परंतु तिचे नियम आधीं छापून प्रसिद्ध केलेले असतात. म्हणून ते न वाचतां दलालाच्या तोंडच्या शब्दावर विसंबणें, हा निव्वळ आपला आळस होय.

पहिला नियम हा, कीं आधीं देश ठरवावा, मग परीक्षा. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्री योजनेस इंग्रजीकरितां आयेल्ट्सची जनरल ट्रेनिंग ही शाखा, सेल्पिप जनरल आणि २०२४ पासून पीटीई कोअर, एवढ्याच परीक्षा चालतात. आयेल्ट्सची अकॅडेमिक शाखा किंवा पीटीई अकॅडेमिक तेथें निरुपयोगी आहे. नांवांत साम्य आहे म्हणून काम एकच, असें समजूं नये. ऑस्ट्रेलियानें मात्र ७ ऑगस्ट २०२५ पासून नऊ परीक्षा मान्य केल्या आहेत; त्यांत आयेल्ट्सच्या दोन्ही शाखा, पीटीई अकॅडेमिक, सेल्पिप जनरल, टोफेल व ओईटी यांचा समावेश होतो. घरीं बसून दिलेली परीक्षा मात्र ते स्वीकारीत नाहींत.

दुसरा नियम हा, कीं नुसतें उत्तीर्ण होणें पुरेसें आहे काय, तें पाहावें. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतींत किमान ६५ गुण लागतात. आयेल्ट्सच्या चारही अंगांत ६ मिळाले तर अर्ज करतां येतो, पण इंग्रजीचा गुण एकही मिळत नाहीं. चारहींत ७ असल्यास १० गुण, आणि ८ असल्यास २०. वयाचे गुण ३३ वर्षें पूर्ण होतांच ३० वरून २५ वर येतात. म्हणजे चुकीच्या परीक्षेंत वर्ष दवडणाऱ्याचें नुकसान केवळ शुल्कापुरतें राहत नाहीं. कॅनडासही हाच न्याय लागू आहे : श्रवणांत ८ व इतर तीन अंगांत ७ मिळाल्यास त्याचें माप एकाएकीं वाढतें.

तिसरा नियम, आपला स्वभाव ओळखावा. आयेल्ट्समध्यें परीक्षक समोरासमोर बसून ११ ते १४ मिनिटें संभाषण करतो. पीटीईमध्यें संगणकाशीं बोलावें लागतें व गुणांकनाचें काम बहुतांशी यंत्र करितें. माणसासमोर ज्याची वाणी खुलते त्यानें पहिली घ्यावी. यंत्रासमोर अडखळल्यावांचून जो स्पष्ट बोलूं शकतो त्यानें दुसरी. पीटीई सोपी, ही समजूत मात्र आतां सोडावी. ऑस्ट्रेलियाकरितां चारही अंगांत ७९ मिळाले कीं २० गुण, हा जुना हिशेब ७ ऑगस्ट २०२५ नंतर दिलेल्या परीक्षेस लागू नाहीं. आतां श्रवणांत ६९ व वाचनांत ७० पुरतात, पण लेखनांत ८५ आणि भाषणांत ८८ लागतात. आपल्या परिचारिका भगिनींस ओईटी जवळची वाटेल, कारण तींत रुग्णाशीं बोलणें व रुग्णाविषयीं पत्र लिहिणें हेंच असतें. परंतु एक्सप्रेस एंट्रीस ती चालत नाहीं. शिवाय परिचारिकांच्या नोंदणीमंडळाची अट व्हिसाच्या अटीहून निराळी असते. दोहोंस जी मान्य, तीच परीक्षा घ्यावी.

चौथा नियम मुदतीचा. ऑस्ट्रेलियास निकाल तीन वर्षांच्या आंतील चालतो, कॅनडास दोन वर्षांच्या. म्हणून व्यवसायाचे कागद तयार होण्याच्या बेतानें परीक्षेचा दिवस ठरवावा. शुल्क भरण्यापूर्वीं दोन्ही परीक्षांची एकेक नमुन्याची प्रश्नपत्रिका घरीं घड्याळ लावून सोडवावी. वाडीचा तुकडा विकून किंवा आईचे दागिने गहाण ठेवून जमविलेला पैसा एखाद्या क्लासवाल्याच्या हातीं देण्याआधीं एवढी मेहनत अवश्य करावी.

आतां शेवटचा मुद्दा, आणि तो आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या त्याच गुणपद्धतींत सीसीएल नांवाची एक परीक्षा आहे. दोन संवाद ऐकून ते इंग्रजींतून आपल्या भाषेंत व आपल्या भाषेंतून इंग्रजींत सांगावयाचे. ९० पैकीं ६३ गुण, आणि प्रत्येक संवादांत ४५ पैकीं निदान २९ मिळाले, तर ५ गुण जास्त. या परीक्षेच्या भाषांत मराठीही आहे. ज्या मुलांना आपण इंग्रजी शाळेंत घातलें आणि ज्यांच्याशीं घरींही इंग्रजींतच बोललों, त्यांना हे पांच गुण मिळतील काय, याचा विचार प्रत्येक आईबापानें करावा. मातृभाषा ही अडगळ नसून शिदोरी आहे, हें परकीय सरकारनें आपणांस सांगावें, याहून अधिक लाजिरवाणें काय?

बंधुभगिनींनो, फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांतून १५७९ सालीं गोव्यास आले. आपली भाषा शिकले आणि १६१६ सालीं छापलेलें ख्रिस्तपुराण देऊन गेले. आपल्या वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानी भाषा शिकले, आणि १५९७ सालीं नागासाकी येथें त्यांनीं रक्तसाक्ष दिली. परकी भाषा शिकणें हें आपल्या परंपरेस नवें नाहीं. मात्र त्या दोघांनीं ती केवळ स्वतःच्या लाभाकरितां शिकली नव्हती, तर जेथें गेले तेथील लोकांच्या सेवेकरितां शिकली होती. आपल्या तरुणांनींही इंग्रजी त्याच वृत्तीनें शिकावी, मराठी सोबत न्यावी, आणि जेथें राहतील तेथें श्रद्धा राखावी. पेंटेकॉस्टच्या दिवशीं ज्या पवित्र आत्म्यानें प्रेषितांच्या जिव्हा मोकळ्या केल्या, तो त्यांच्या मुखीं सत्य व अंतरीं धैर्य देवो, एवढें मागून आम्ही आपली रजा घेतों.