थंडीतल्या रेशीम शेडची ऊब



आपल्या बीड जिल्ह्यात दिवाळी उलटली की दुपारी पत्र्याखाली बसवत नाही आणि पहाटे गोधडीतून निघवत नाही. माणूस हे सोसून घेतो, रेशमाची अळी सोसत नाही. तिच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. हवा जशी, तसं तिचं शरीर. मोठ्या अळीला 24 ते 26 अंश लागतात, चॉकीतल्या बारकीला 27-28. पारा 20 च्या खाली उतरला की ती पाला खायची मंदावते, कात टाकायला उशीर करते आणि एकाच रॅकवर काही अळ्या जाग्या, काही झोपलेल्या असा घोळ होतो. शेवटी कोष हलका भरतो. एका अंडीपुंजात 400 ते 500 अंडी असतात. 100 अंडीपुंजांची बॅच म्हणजे चाळीस हजारांहून जास्त तोंडं झाली.

मी गेवराई तालुक्यात मोटार-स्टार्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरमला जावं लागे. 2018 साली जालन्यात कोषांचा बाजार सुरू झाला, पुढे बीडलाही झाला. तसतशी तुती वाढली आणि हिवाळ्यात पंपाच्या बरोबरीनं शेडमधल्या हीटरची कामं माझ्याकडे येऊ लागली. हा हंगाम ऊसतोडीचा. कितीतरी घरांत कर्ती माणसं कारखान्यावर गेलेली असतात आणि रात्रीचा पाला टाकून पुन्हा पहाटे शेगडी बघायला उठते ती घरातली बाई. एका मावशींनी मला विचारलं होतं, "दादा, ह्यो डबा पहाटं तीनला माझ्याऐवजी उठंल का?"

उठतो. पण कोणता डबा, ते नीट पाहावं लागतं.

बरेच जण टायमर मागतात. रात्री दहाला हीटर चालू, सहाला बंद. स्वस्त पडतो, समजायला सोपा. पण थंडी काही घड्याळ लावून येत नाही. आभाळ आलं की रात्र उबदार जाते आणि टायमर उगाच वीज जाळतो. वारं सुटलं की संध्याकाळी सातलाच पत्रा गार पडतो. आपल्याला हवा तो थर्मोस्टॅट, म्हणजे हवेचा अंदाज घेऊन चालू-बंद करणारा. ही युक्ती नवी नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसानं इंग्लंडमध्ये अंडी उबवायची भट्टी केली होती. ऊब वाढली की नळीतला द्रव फुगायचा, पारा वर ढकलायचा आणि त्यावरची दांडी भट्टीची हवा कोंडायची. ना वीज, ना बटण. आज युरोपात भुशाच्या दाबलेल्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणाऱ्या शेगड्या घरं तापवतात. त्यात कांड्या आत ढकलणारा स्क्रू मोटारीवर फिरतो, पण कधी फिरायचं ते थर्मोस्टॅट सांगतो. मूळ हिशेब ड्रेबेलचाच.

आपल्याकडे पऱ्हाट्या आहेत, अळ्यांनी पाला खाल्ल्यावर उरलेल्या तुतीच्या काड्या आहेत. जळणाला तोटा नाही. पण उघडी शेगडी बंद शेडमध्ये ठेवू नका, एवढं मी प्रत्येकाला बजावतो. धुरानं अळी बिघडते हे सगळ्यांना माहीत आहे. लाल निखाऱ्याला धूर नसतो म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि त्याच निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. शेडमध्ये राखणीला झोपलेला माणूस त्यानं जागचा उठत नाही. जाळ करायचाच तर तो भिंतीबाहेर करावा, नाहीतर धुराडं पत्र्याच्या वर न्यावं.

विजेचा हीटर घेतला तर 2000 वॉटचा तासाला दोन युनिट खातो. रात्रभर दहा तास सलग चालला तर वीस युनिट. थर्मोस्टॅट असला की मध्ये मध्ये विश्रांती मिळते. बंद-चालूमध्ये दोन अंशांचं अंतर ठेवा: 24 ला चालू, 26 ला बंद. अंतर फार कमी ठेवलं तर रिले सारखा टकटक करतो आणि त्याचे पॉइंट जळतात. 2000 वॉटचा हीटर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्यामुळे दहा अँपिअरच्या नाजूक रिलेवर थेट भार न टाकता मध्ये कॉन्टॅक्टर बसवावा.

सेन्सर कुठे टांगता, यावर अर्धं काम अवलंबून आहे. हीटरसमोर टांगला तर तो लगेच समाधानी होतो आणि कोपऱ्यातली अळी गारठते. मधल्या रॅकवर, अळ्यांच्या उंचीला, दारापासून लांब टांगा. गरम हवा वर चढते, म्हणून वरच्या कप्प्यात उन्हाळा आणि खालच्यात हिवाळा होतो. त्यासाठी पंख्याचा हीटर बरा. त्याच्या तोंडासमोर शेडनेट, सुकलेला पाला, कागद काही नको.

ऊब दिली की हवा कोरडी पडते आणि पाला लवकर सुकतो. अळी सुकलेला पाला खात नाही. ओलं गोणपाट टांगा, मात्र अळ्या कातेवर बसल्या की ओल कमी करा. दुपारी झडपा उघडून हवा खेळवाच.

आता लाइटचं. ती पहाटेच जाते, हे मी सांगायला नको. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर हा हीटर ओढत नाही. पण लाइट परत आल्यावर तरी तो आपोआप सुरू झाला पाहिजे. बटण दाबून चालू होणारे नव्या धर्तीचे हीटर लाइट आली तरी गप्प बसतात. साध्या खटक्याचा घ्या. चॉकी आणण्याआधी दोन रात्री रिकामं शेड चालवून पाहा. वरच्या आणि खालच्या कप्प्यात एकेक तापमापक ठेवा, मध्येच मेन स्विच पाडून पुन्हा चढवा, आणि सकाळी मीटरवरची युनिटं लिहून ठेवा.