रोपांचा रहिवासी दाखला

रहिवासी दाखला काढायला कचेरीत गेलात, तर पहिला प्रश्न येतो, 'पुरावा काय?' आपण रेशनकार्ड दाखवतो, शाळा सोडल्याचा दाखला दाखवतो. पण हाच प्रश्न एखाद्या रोपाला विचारला तर त्याने काय दाखवावे? मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला वनस्पतिशास्त्र नव्हते. पण 'मूळचा' आणि 'उपरा' हे शब्द दिसले की मी थांबून वाचतो. गॅलापॅगोस बेटांविषयी वाचताना असाच थांबलो.

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर दूर, प्रशांत महासागरात ही बेटे आहेत. ज्वालामुखीतून वर आलेली ही जमीन कोणत्याच खंडाला कधी जोडलेली नव्हती. म्हणजे तिथल्या प्रत्येक रोपाचा पूर्वज बाहेरूनच आला. कुणी वाऱ्यावर, कुणी पाखराच्या पोटातून, कुणी लाटांवर. म्हणून तिथे 'मूळचे' याचा अर्थ एवढाच, की जे माणसाच्या मदतीशिवाय पोचले ते. माणसाच्या येण्याची पहिली लेखी नोंद १५३५ सालची. पनामाचे बिशप तोमास दे बेर्लांगा यांचे जहाज वारा पडल्याने भरकटत तिथे लागले. पुढे समुद्री चाचे आले, देवमाशांचे शिकारी आले, वस्ती करणारे आले. त्यांच्याबरोबर बियाणे आले, शेळ्या आल्या आणि तणही आले. आज माणसाने नेलेल्या वनस्पतींच्या जाती तिथे ८०० हून अधिक आहेत, मूळच्यांपेक्षाही जास्त.

हा नुसता मोजदादीचा खेळ नाही. क्विनाइन देणारा सिंकोना १९४० च्या दशकात सांताक्रूझ बेटावर लावला गेला. तो तिथल्या माथ्यावर, जिथे झाडेच नव्हती अशा झुडपी रानात पसरला आणि खालच्या रोपांचे ऊन त्याने अडवले. आपल्या भारतातल्या डोंगरांत वाढणारी एक काटेरी रास्पबेरी फळांसाठी तिकडे गेली, तिने रानेच्या राने व्यापली. अशांना आवर घालावाच लागतो. पण कोयता उचलण्यापूर्वी नाव बरोबर हवे. बाहेरचे समजून घरचेच रोप उपटले, तर ते परत कोण आणणार?

मग ओळखायचे कसे? जुनी रीत अशी, की पहिल्या संग्रहांत नाव शोधायचे. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन तिथे गेला, त्याने रोपे गोळा केली. त्याच्या किंवा नंतरच्या जुन्या संग्रहांत रोप नसेल, ते शेताच्या कडेला उगवत असेल आणि जगात इतरत्रही सर्रास आढळत असेल, तर ते उपरे असल्याचा संशय घ्यायचा. संशय रास्तच. पण डार्विन तिथे होता जेमतेम पाच आठवडे, आणि उतरला चार बेटांवर. त्याच्या पिशवीत जे आले नाही ते बेटावर नव्हतेच, असे कसे म्हणावे?

उत्तर सापडले चिखलात. फुलाच्या परागकणाचे कवच फार चिवट असते. दलदलीत, जिथे हवा पोचत नाही, तिथे ते हजारो वर्षे कुजत नाही. वर्षानुवर्षे थरावर थर साचत जातात. संशोधक पोकळ नळी खोल खुपसून चिखलाचा उभा कांडा बाहेर काढतात, किरणोत्सारी कार्बनवरून थरांचे वय ठरवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखतात. सांताक्रूझच्या माथ्यावरच्या दलदलींत हेच केले गेले. त्याचा निष्कर्ष २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. उपऱ्या किंवा संशयित मानलेल्या सहा जातींचे पराग माणूस येण्याच्या कितीतरी आधीच्या थरांत सापडले. त्यांत जास्वंदीच्या कुळातली एक पिवळी फुले येणारी जात होती. अंबाडीचे फूल पाहिले असेल तर तिची कल्पना येईल. आणि त्यांत एजरेटमही होते!

हे एजरेटम आपल्या ओळखीचे आहे. बांधावर, वाटेच्या कडेला निळसर जांभळ्या झुबक्यांनी फुलणारे, उग्र वासाचे रोपटे. काही भागांत त्याला ओसाडी म्हणतात. आपल्या शेतात ते अमेरिकेतून आलेले तण, तर गॅलापॅगोसमध्ये जुने रहिवासी. रोप एकच, पण दाखला जागेप्रमाणे बदलतो.

या साक्षीलाही मर्यादा आहे. चिखलात पराग सापडला तर रोप होते हे सिद्ध होते. सापडला नाही म्हणून ते नव्हते, असे सिद्ध होत नाही. काही फुले पराग फार थोडे सांडतात, काहींचे पराग भावंडांसारखे एकसारखे दिसतात. म्हणून चिखलाबरोबर जुने संग्रह, बीच्या प्रवासाची शक्यता, जनुकांतला फरक हे सारे ताडून पाहावे लागते.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे माप झाडांचे आहे, माणसांच्या वस्तीला ते लावू नये. माणूस नव्या जागी भाषा शिकतो, त्या भाषेत रडतो, हसतो, कविता लिहितो. त्याचा दाखला चिखलाच्या थरांत शोधायचा नसतो.

गॅलापॅगोसच्या त्या सहा रोपांपासून घेण्याजोगे एवढेच, की यादीत नाव नाही म्हणून कुणी उपरा ठरत नाही. उपटायला एक क्षण पुरतो. त्याआधी आठ हजार वर्षांचा चिखल उपसावा लागला, तरी तो उपसून पाहावा.