न्हाणीघराची डागडुजी



आमचे मुलुंडचे घर जुने. न्हाणीघरातल्या शहाबादी फरशीचे सांधे उघडले होते नि खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या छताला ओल आली होती. त्या बिचाऱ्या काही बोलत नसत. पण जिन्यात भेटल्या की माझीच मान खाली जाई.

पैसे बेताचेच. ह्यांना भिंतभर चकचकीत टाइल्स हव्या होत्या. मी म्हटले, "अहो, आधी जे दिसत नाही ते करू या." गंजलेले लोखंडी पाइप काढून गरम पाण्याला टिकणारे सीपीव्हीसीचे घातले. जमिनीला वॉटरप्रूफिंग केले. ते वाळल्यावर जाळीत बोळा घालून ४८ तास पाणी साठवून ठेवले. खाली ओल उतरली नाही, तेव्हाच नवी फरशी बसवली; तीही पाय न घसरणारी, जाळीकडे उतार देऊन. टाइल्स खांद्याइतक्याच, वर साधा रंग. आरसा जुनाच ठेवला.

छत वाळल्यावर वहिनींनी त्याला रंग दिला आणि मला चहाला बोलावले. भगिनींनो, आपल्या न्हाणीघराची खरी शोभा शेजारणीच्या छताला दिसते, एवढे सांगून मी आपली रजा घेते.