शरीरसौष्ठव : लोकांचे समज आणि खेळाचे वास्तव



मराठी घरात बिनबाह्यांच्या बनियनला 'सँडो' म्हणतात. दुकानात जाऊन 'दोन सँडो द्या' असे सांगणाऱ्याला हा शब्द एका माणसाच्या नावावरून आला असावा, याची कल्पनाही नसते. युजेन सँडो हा १८६७ मध्ये प्रशियात जन्मलेला बलवान पुरुष. आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने जी स्पर्धा भरविली, ती या क्रीडाप्रकारातील पहिली मोठी स्पर्धा समजली जाते. सँडोसह तिचे परीक्षक तिघे होते. त्यांपैकी एक सर चार्ल्स लॉज हे शिल्पकार आणि दुसरे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल. केवळ दंडाचा घेर मोजून तेथे निकाल लागला नाही. सर्व अंगांची समतोल वाढ, स्नायूंचा कस, त्वचेची स्थिती आणि एकंदर आरोग्य या सर्वांचा विचार झाला. १९०४-०५ च्या सुमारास सँडो भारतात येऊन गेला आणि येथील व्यायामप्रेमी तरुणांवर त्याचा फार मोठा प्रभाव पडला.

नाव घरोघर पोहोचले; परंतु त्या नावामागचा खेळ मात्र समाजाने अद्याप पुरता आपलासा केलेला नाही. शरीरसौष्ठवपटूविषयी लोकांच्या मनात कौतुक असते, तशीच कुचेष्टाही असते. या दोन्हींच्या मुळाशी माहितीचा अभाव आहे आणि त्याची किंमत कोवळ्या वयाची मुले मोजीत आहेत. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

तालमीच्या परंपरेतला संशय

महाराष्ट्राला बलोपासना नवी नाही. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या मारुतींपासून ते कोल्हापूरच्या खासबाग मैदानापर्यंत या उपासनेच्या खुणा जागोजागी आहेत. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्य करीत आहे. याच मातीतल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. परंतु या परंपरेत शरीराची परीक्षा कामावरून होत असे. समोरच्याला चीत केले तर पहिलवान मोठा. नुसते अंग दाखविणाऱ्याला आखाड्यात मान नव्हता. 'अंग दिसते, पण अंगात रग किती?' हा प्रश्न तालमीतला वस्ताद हटकून विचारी. शरीरसौष्ठवाकडे 'शोभेचे शरीर' म्हणून पाहण्याची दृष्टी या परंपरेतूनच आली आहे.

तथापि ही दोन जगे एकमेकांपासून अगदीच तुटलेली नव्हती. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये सँडोची साधने व पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नियमित व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचा प्रसार हे त्यांनी जीवितकार्य मानले. साधनांचा खर्च नाही, जागा थोडी लागते आणि स्त्री-पुरुष, लहान-थोर सर्वांना करता येतो, अशा व्यायामाची त्यांना ओढ होती. पाश्चात्त्य पद्धत प्रथम स्वतः करून पाहावी आणि मगच तिच्याविषयी मत बनवावे, हा त्यांचा मार्ग आजही अनुकरणीय आहे.

हा खेळ आहे काय?

पहिला आक्षेप असा की, शरीरसौष्ठव हा खेळच नव्हे. यात धावणे नाही, उचलणे नाही, प्रतिस्पर्ध्याशी झुंज नाही. उभे राहायचे आणि दिसायचे, एवढेच. स्पर्धेची रीत माहीत झाली म्हणजे या आक्षेपाची धार बरीच बोथट होते. स्पर्धक वजनगटांत विभागले जातात. पुरुषांना सात ठरावीक पवित्रे घ्यावे लागतात. दंडांचे स्नायू समोरून व पाठीमागून दाखविणे, पाठीचा पंखा उघडून दाखविणे, छाती बाजूने दाखविणे, पोट व मांड्या एकाच वेळी ताणून धरणे इत्यादींचा त्यांत समावेश होतो. प्रत्येक पवित्र्यात सर्वांगाचे स्नायू पूर्ण ताकदीने आवळून धरावे लागतात. प्रखर दिव्यांखाली हे वारंवार करताना निष्णात स्पर्धकालाही धाप लागते. त्यानंतर संगीताच्या साथीने प्रत्येकाला स्वतंत्र सादरीकरणाची संधी मिळते. स्नायूंचा आकार, त्यांची रेखीवता, उजव्या-डाव्या व वरच्या-खालच्या अंगांतील प्रमाणबद्धता पाहून पंच क्रमांक लावतात आणि टोकाची मते वगळून निकाल ठरतो.

पंचांच्या नजरेवर निकाल ठरणारे खेळ इतरही आहेत. जिम्नॅस्टिक्स व सूर मारण्याच्या स्पर्धा ही त्याची परिचित उदाहरणे होत. मात्र तेथे हालचालीची परीक्षा होते, येथे हालचालीतून घडलेल्या फळाची, हा भेद खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळालेला नाही. परंतु २००२ च्या बुसान आणि २००६ च्या दोहा आशियाई क्रीडास्पर्धांत त्याचा समावेश होता. भारताच्या प्रेमचंद डेगरा यांना १९८६ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, १९८८ मध्ये त्यांनी विश्वविजेतेपद पटकाविले आणि १९९० मध्ये ते पद्मश्रीने सन्मानित झाले. मंचावरची काही मिनिटे ही वर्षभराच्या श्रमांची परीक्षा असते, एवढे मान्य केले तरी या खेळाडूंना न्याय मिळेल.

'अक्कल गुडघ्यात' आणि आखडलेले अंग

दुसरा समज असा की, स्नायू फुगले की अंग आखडते, चपळाई जाते. हा समज केवळ सामान्य लोकांचा नव्हता; शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांचाही होता. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड महाविद्यालयातील प्राध्यापक पीटर कार्पोविच हे वजनांच्या व्यायामाचे कडवे विरोधक होते. १९४० मध्ये त्या महाविद्यालयात प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू जॉन ग्रिमेक याचे प्रात्यक्षिक झाले. कार्पोविच यांनी त्याला भरसभेत, दोन खांद्यांच्या मध्ये पाठ खाजवून दाखविण्यास सांगितले. ग्रिमेकने ती सहज खाजविली आणि वर दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पूर्ण पसरून जमिनीवर बसूनही दाखविले. हा ग्रिमेक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्याच्या स्पर्धेत उतरलेला होता. कार्पोविच हट्टी होते, पण शास्त्रज्ञ होते. त्यांनी व झॉर्बास यांनी ६०० पुरुषांच्या हात फिरविण्याचा वेग मोजला. त्यांतील निम्मे वजने उचलणारे होते. १९५१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : वजने उचलणाऱ्यांचे हात अधिक वेगाने फिरत होते. पुढे जवळजवळ सर्व खेळांचे खेळाडू वजनांचा व्यायाम करू लागले.

'पहिलवानाची अक्कल गुडघ्यात' ही म्हणही याच जातीची आहे. आहाराचे मोजमाप, विश्रांतीचे वेळापत्रक, कोणत्या दिवशी कोणत्या स्नायूला किती भार द्यावयाचा याचा हिशेब, हे सारे वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या माणसाला मंदबुद्धी म्हणणे हे अन्यायाचे आहे. व्यायाम सोडल्यावर स्नायूंची चरबी होते, हाही असाच एक समज. स्नायूंच्या पेशी व चरबीच्या पेशी भिन्न आहेत. एकीची दुसरी होत नाही. वापर थांबला की स्नायू बारीक होतात आणि खुराक पूर्वीचाच राहिला तर चरबी साठते, एवढाच त्याचा अर्थ.

स्त्रियांच्या बाबतीत समज अधिक जाचक आहेत. वजने उचलली की मुलगी पुरुषी दिसेल, या भीतीने अनेक घरांत तिला व्यायामशाळेची पायरी चढू दिली जात नाही. वास्तविक, स्नायूंची मोठी वाढ घडविणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांच्या शरीरात पुरुषांच्या तुलनेने अनेक पटींनी कमी असते. वजनांच्या बेताच्या व्यायामाने स्त्रीची हाडे बळकट होतात, पाठीला आधार मिळतो. मिशा फुटत नाहीत. १९८० मध्ये 'मिस ऑलिंपिया' ही स्पर्धा सुरू झाली आणि आता भारतातील स्त्रियाही या मंचावर उतरतात. त्यांच्याकडे कुतूहलाने नव्हे, तर खेळाडू म्हणून पाहण्याची सवय समाजाला लागावयाची आहे.

सर्वांत घातक समज

आता ज्या समजाकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे तो असा : 'असले शरीर औषधांशिवाय होतच नाही.' याला आधार नाही असे म्हणता येणार नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या अहवालांत नियमभंगाच्या प्रकरणांत शरीरसौष्ठवाचे नाव वरच्या क्रमांकांत आले आहे. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा नामवंत स्पर्धक स्पर्धेनंतर काही तासांतच मरण पावला. त्वचेखालचे पाणी कमी करून स्नायू अधिक रेखीव दिसावेत, म्हणून लघवी वाढविणारी औषधे घेण्याचा प्रघात किती जीवघेणा आहे, हे तेव्हा जगाला दिसले. स्टेरॉइडचे दुष्परिणाम तर सर्वज्ञात आहेत. हृदय व यकृत यांना इजा, रक्तदाब, वंध्यत्व, पुरुषांत स्तनांची वाढ, मनाचा तोल जाणे, हे त्यांतील काही. वाढीच्या वयातील मुलाने ती घेतल्यास हाडांची वाढ अकाली थांबून उंची खुंटू शकते.

परंतु हा समज सरसकट पसरविण्यात एक धोका दडलेला आहे. 'औषधांशिवाय होत नाही' हे वाक्य वडीलधारी माणसे मुलाला परावृत्त करण्यासाठी उच्चारतात; सोळा वर्षांचा मुलगा मात्र त्यातून वेगळाच अर्थ घेतो. औषधांशिवाय होत नाही, तर मग औषध घेतले पाहिजे, असे तो ठरवितो. निंदकाचे वाक्य आणि इंजेक्शन विकणाऱ्याचे वाक्य अशा रीतीने एकच होऊन बसते. म्हणून दोषाइतकेच निर्दोष उदाहरणही सांगितले गेले पाहिजे.

ते उदाहरण भारतातच आहे. बंगालचे मनतोष रॉय यांनी १९५१ मध्ये आणि मनोहर आइच यांनी १९५२ मध्ये लंडनच्या विश्वश्री स्पर्धेत आपापल्या गटांत यश मिळविले. आइच यांची उंची जेमतेम ४ फूट ११ इंच. इंग्रजी अमलात वायुदलात असताना गोऱ्या अधिकाऱ्याला थप्पड मारल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला आणि त्या तुरुंगातच, साधनांवाचून, त्यांनी तासन्‌तास व्यायाम केला. १९५१ मध्ये दुसरा क्रमांक आला म्हणून ते लंडनमध्ये राहिले, रेल्वेत नोकरी केली आणि पुढील वर्षी विजयी झाले. भात, डाळ, भाजी, मासे, दूध व फळे हा त्यांचा आहार. २०१६ मध्ये, वयाची शंभरी उलटल्यावर, त्यांचे निधन झाले. एका माणसाच्या दीर्घायुष्यावरून सर्वसाधारण नियम काढू नये; परंतु तुरुंगातील अन्नावर आणि श्रमांवर शरीर घडू शकते, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते.

घरचे अन्न आणि डब्यातील भुकटी

महागड्या भुकटीचे डबे घेतल्यावाचून स्नायू वाढत नाहीत, हाही समज तपासण्यासारखा आहे. नियमित वजने उचलणाऱ्यास शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. ७० किलो वजनाच्या तरुणास ती सुमारे ११२ ग्रॅम लागतील. अर्धा लिटर दुधातून १६, चार अंड्यांतून २४, शंभर ग्रॅम डाळीतून २२, तितक्याच हरभऱ्यांतून २०, मूठ-दोन मुठी शेंगदाण्यांतून १२ आणि दिवसभराच्या पोळ्यांतून सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज घरच्या घरीच पूर्ण होते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही स्नायू वाढविण्यासाठी अशा भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला आहे.

छायाचित्रांतील शरीराविषयीही स्पष्ट कल्पना हवी. स्पर्धेच्या दिवशी दिसणारे शरीर हे खेळाडूचे रोजचे शरीर नसते. अनेक आठवडे आहार आटोक्यात ठेवून, अंगाला रंग व तेल लावून, खास प्रकाशात ते तेवढ्यापुरते तसे दिसते. त्याच्याशी आपली रोजची छाती ताडून पाहणाऱ्या मुलाच्या पदरी निराशाच येते.

काय करता येईल?

हा खेळ तुच्छ मानून दूर ठेवल्याने तो थांबत नाही. तो फक्त जाणत्या माणसांच्या नजरेआड जातो. आज तालुक्याच्या गावीही व्यायामशाळा उघडल्या आहेत. तेथे जाणाऱ्या मुलाला अडविण्यापेक्षा तेथे कोण शिकवितो, काय शिकवितो, कोणते डबे व कोणत्या सुया तेथे विकल्या जातात, याची चौकशी पालकांनी करावी. स्टेरॉइडची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हे औषधविक्रेत्यांना माहीत असते. ग्राहकांनाही माहीत असावे. स्पर्धा भरविणाऱ्या मंडळांनी चषकांच्या उंचीबरोबर उत्तेजक चाचणीचीही काळजी वाहावी. २०२२ मध्ये या विषयावर केंद्रीय कायदा झाला आहे. कायद्याला लोकमताची जोड मिळाली तरच तो प्रभावी होईल. शाळा-महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षकांनी मुलांशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे. निंदा ऐकणारा मुलगा प्रश्न विचारणे सोडून देतो आणि प्रश्न न विचारणारा मुलगा ज्याच्या हाती सुई आहे त्याच्याकडे जातो.

शरीर घडविणे ही तपश्चर्या आहे. तिच्यात घाई खपत नाही, उसनवारी चालत नाही आणि आज केलेल्या श्रमाचे फळ उद्या मागता येत नाही. ही शिस्त ज्याच्या अंगी बाणली, त्याला मंचावर पारितोषिक मिळो वा न मिळो, त्याने काही तरी कमावलेच. समाजाने अशा तरुणाची थट्टा करू नये आणि त्याला देवही मानू नये. त्याला खेळाडू मानावे, म्हणजे खेळाडूला लागणारे मार्गदर्शन, नियम आणि धाक हे तिन्ही त्याच्या वाट्याला आपोआप येतील.