‘निष्क्रिय’ या शब्दाचा अपराध



अध्यक्षीय भाषणात मराठीच्या भवितव्याची चिंता करावी, असा पुण्यातला रिवाज आहे. मला मात्र आज एक कबुली द्यायची आहे. रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून सुरुवातीची काही वर्षं मी फळ्यावर लिहीत असे : निष्क्रिय वायू कोणाशीही संयोग करत नाहीत. मी खडू हातात घेतला, त्याच्या आधीच ते वाक्य खोटं ठरलेलं होतं.

या वायूंशी आपलं नातं जुनं. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानावरून गेली. या वायूंपैकीच हेलिअमच्या शोधाची कथा त्या ग्रहणापासून सुरू होते. त्या ग्रहणाच्या निरीक्षणासाठी बांधलेले म्हणून विजयदुर्गावर आजही ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. पुढे विल्यम रॅम्झेने यातले बहुतेक वायू वेगळे केले. टाटांच्या विज्ञान संस्थेला जागा सुचवायला हिंदुस्थानात आला होता, तोच हा रॅम्झे.

1895 मध्ये त्याने फ्रान्सच्या म्वासाँ या रसायनज्ञाला यांपैकीच थोडा अरगॉन दिला. म्वासाँने फ्लोरिनबरोबर त्याला ठिणगी देऊन पाहिली. काही घडलं नाही. 1933 मध्ये रसायनज्ञ लायनस पॉलिंगने यांतल्याच झेनॉनची संयुगं होतील असं भाकीत केलं. कॅलिफोर्नियात योस्ट आणि के यांनी प्रयत्न केला, तोही फसला. मग जवळजवळ तीस वर्षं सामसूम.

ही सामसूम मोडणारा रसायनज्ञ नील बार्टलेट कॅनडात व्हँकूव्हरला होता, वय 29. प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन ओढून घेतं, हे त्याला आढळलं होतं. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला 12.07 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, झेनॉनला 12.13. दोन्ही आकडे तक्त्यांत छापलेले होते. त्याने फक्त ते शेजारी ठेवले. 23 मार्च 1962 च्या संध्याकाळी त्याने या हेक्साफ्लोराइडची वाफ आणि झेनॉन यांच्यामधली काच फोडली आणि नारिंगी-पिवळा घन पदार्थ तयार झाला. सांगायला बाहेर धावला, तर सगळे जेवायला गेलेले!

मला सगळ्यात बोचतं ते त्यानंतरचं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत (नावाचा वायूशी संबंध नाही) झेनॉन आणि फ्लोरिन निकेलच्या डब्यात 400 अंशांवर तासभर तापवले आणि झेनॉन टेट्राफ्लोराइड मिळालं. पुढे तर काचेच्या फुग्यात हे दोन वायू भरून उन्हात ठेवले, तरी डायफ्लोराइडचे स्फटिक धरतात असं दिसलं. ऊन! एवढी साधी गोष्ट तीस वर्षं कोणी का केली नाही? झेनॉन दुर्मीळ, फ्लोरिन जीवघेणा, हे खरं. पण माझ्या मते मोठा दोष शब्दाचा. ज्याला ‘निष्क्रिय’ म्हटलं, तो महागडा वायू प्रयोगात कोण खर्च करणार?

आपल्याकडचा ‘राजवायू’ हा शब्द मला म्हणूनच जास्त रास्त वाटतो. राजा सहसा कोणाच्या पंगतीला बसत नाही. पण बसणारच नाही, असं त्यात कुठे म्हटलंय? आज तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले सैद्धांतिक रसायनज्ञ या राजांच्या नव्या सोयरिकींची गणितं मांडतात.

परिभाषा घडवणारे आणि पाठ्यपुस्तकं लिहिणारे कितीतरी जण समोर बसले आहेत. त्यांना विनंती एवढीच : ‘निष्क्रिय’ हा शब्द छापायचाच असेल, तर त्याच पानावर झेनॉनचं एक तरी संयुग छापा. आणि मुलांना हेही सांगा, की याच कुटुंबातल्या निऑनचं बाटलीत भरून ठेवता येईल असं संयुग अजून कोणालाही करता आलेलं नाही.